आल्जिनेटचा मणी

समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून आल्जिनेट मिळते. त्याच्या द्रावणात जिवंत पेशी मिसळायच्या आणि थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायच्या. कॅल्शियम आल्जिनेटच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधते आणि थेंबाचा मणी होतो. ना उष्णता, ना जहाल रसायन, म्हणून आतल्या पेशी जगतात. बहुतांशी पाण्याच्या या मण्यावर टाइप १ मधुमेहाच्या उपचाराची मोठी आशा टांगलेली आहे.

या आजारात प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. दात्याच्या पेशी बसवल्या, तर त्यांच्यावरही ती तुटून पडते. तिला दडपणाऱ्या औषधांनी संसर्गाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो. मण्याच्या जाळीतून मात्र ग्लुकोज, प्राणवायू आणि इन्सुलिन ये-जा करतात. प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी बाहेरच राहतात. १९८० साली फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी पॉलिलायसिन या पदार्थाचे आवरण दिलेले असे मणी मधुमेही उंदरांमध्ये बसवले. उघड्या पेशींनी सहा ते आठ दिवस काम केले, मण्यातल्यांनी दोन-तीन आठवडे.

पुढे बराच काळ लक्ष छिद्रांच्या आकारावर राहिले. घात केला तो पृष्ठभागाने. शरीर मण्यालाच परका मानते: भक्षक पेशी त्याला चिकटतात, वर तंतूंचा थर चढतो, प्राणवायू तुटतो आणि आतल्या पेशी गुदमरून मरतात.

एमआयटीतल्या रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने नेमकी हीच गाठ धरली, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम तेच. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की बारीक साबुदाण्याएवढ्या, दीड मिलिमीटर व्यासाच्या मण्यांवर लहान मण्यांपेक्षा कमी तंतू चढतात. पण मणी मोठा झाला की मधल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोचणे कठीण होते. हा पेच अजून सुटलेला नाही. २०१६ मध्ये, आल्जिनेटच्या शेकडो रूपांतून निवडलेल्या एका रूपात मूलपेशींपासून घडवलेल्या मानवी बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, ठेवल्या. धडधाकट प्रतिकारशक्तीच्या उंदरांत त्यांनी १७४ दिवस साखर ताब्यात ठेवली.

माणसाचे शरीर इतके सोपे निघाले नाही. याच संशोधनातून उभ्या राहिलेल्या सिजिलॉन कंपनीने हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या रुग्णांत असे मणी वापरले. एका रुग्णातून परत काढलेल्या मण्यांवर तंतूंचा थर चढलेला आढळला.

टाइप १ मधुमेहासाठी अमेरिकेत जून २०२३ मध्ये लँटिड्रा या दात्याच्या पेशींवर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात मणी नाही. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे रुग्णाला घ्यावीच लागतात.