मोटारीला ताप येतो तेव्हा

मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना रस्त्याच्या कडेला एखादी तरी मोटार तोंड उघडून उभी असलेली दिसतेच. बॉनेटखालून वाफा निघत असतात, आतली मंडळी सावली शोधत असतात आणि भोवती सल्लागारांचा घोळका जमलेला असतो. कोणी म्हणतो पाणी ओता, कोणी म्हणतो इंजिन गेले. ‘गाडी का तापली?’ हा प्रश्न मात्र सर्वांच्या तोंडी. मी मराठीचा अध्यापक. यंत्रविद्येवर माझा काडीचाही अधिकार नाही. पण प्रश्नार्थक शब्दांशी रोजचा व्यवहार आहे, त्या बळावर सांगतो, की ‘का’ हा येथे दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न ‘केव्हा?’ ताप सकाळी चढतो की संध्याकाळी, हे विचारल्यावाचून चांगला वैद्य काढ्याची पुडी बांधीत नाही.

मुळात इंजिन तापावयाचेच. आत पेट्रोल जळते तेव्हा ज्वालेचे तपमान २००० अंशांच्या वर जाते. आणि पुष्कळ इंजिनांचे हेड ज्या ॲल्युमिनियमचे असते तो धातू ६६० अंशांना वितळतो! तरी तो वितळत नाही, कारण भोवती पाणी खेळते असते. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा हे पाणी उचलते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाऊन वाऱ्यावर निवते आणि पंपाच्या रेट्याने परत कामावर हजर होते. या फेऱ्यात कोठेतरी खीळ बसली, की काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागतो.

आमचा काटा गेल्या मे महिन्यात सरकला, तोही नेमका याच घाटात. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली, एस. टी.च्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून ही जुनी मोटार सांभाळलेली. गाडी बंद पडताच बरोबरच्या भाच्याने उत्साहाने रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. मी ओरडलोच. घट्ट टोपणाखाली दाब असतो, म्हणून आतले पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. पण टोपण सैल होताच त्याची क्षणात वाफ होते आणि उघडणाराचा हात, तोंड, डोळे सारे भाजून निघते. इंजिन हाताला गार लागेपर्यंत तास गेला तरी जाऊ द्यावा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही तितकेच वाईट; धातूला तडा जातो.

पुण्यास परतल्यावर एका मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिले न पाहिले तोच निकाल दिला : “गॅस्केट गेलंय, साहेब. हेड उतरवावं लागेल.” खर्च २५,०००. घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. आई काही बोलली नाही. फक्त साताऱ्याला फोन लावून ‘इतक्यात यायचं जमेलसं दिसत नाही’ एवढे म्हणाली.

मग मी ‘केव्हा’चा धागा धरला. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत अर्धा तास रखडलो, तरी काटा जागचा हलला नाही. उभ्या गाडीला वारा घालणारा एकच, तो पंखा. तेव्हा पंखा निर्दोष. गॅस्केट गेले असते तर तेलात पाणी शिरून ते दुधाळ झाले असते, धुराड्यातून पांढरी वाफ आली असती किंवा टाकीतले पाणी घटत गेले असते. तीनही खुणा नव्हत्या. एकच खूण असती, तरी मी मुकाट्याने मिस्त्रींकडे गेलो असतो. ते घरी करण्याचे काम नव्हे. गाडी तापे ती फक्त चढावर, म्हणजे इंजिन जास्त उष्णता निर्माण करी तेव्हा. एका सकाळी गार इंजिन सुरू करून काही वेळ जोरात फिरवले. काटा नेहमीची जागा ओलांडून वर गेला, पण रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी नुसती कोमट! (नळी चाचपताना पंख्यापासून हात दूर असावा, तो न सांगता फिरू लागतो.) पाणी इंजिनातून बाहेरच पडत नव्हते. दार अडले होते.

त्या दाराचे नाव थर्मोस्टॅट. लिंबाएवढी वस्तू, पोटात मेण. पाणी तापले की मेण वितळून फुगते, दांडा ढकलते आणि दार उघडते. इंजिन गार असताना पाणी काढले, दोन बोल्ट सोडवले आणि दारोबाला दोऱ्याने बांधून स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात टांगले. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचा तापमापक मागून आणला होता. दारावर आकडा ८२. पारा ८२ वर आला, काही नाही. ९० झाले, काही नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून आमच्याकडे पाणी ९८ लाच उकळते; त्या उकळीतही जेमतेम नखाएवढी फट पडली. शहरात मंद चालीला तेवढी फट पुरत होती, घाटात पुरत नव्हती. नवा थर्मोस्टॅट त्याच पातेल्यात ८२ च्या सुमारास हलला आणि उकळीपर्यंत पेन्सिलीच्या जाडीइतका उघडला. किंमत काही शेकड्यांत. दार काढूनच टाकावे असेही काही जण सुचवितात. त्याने इंजिन सदा गारठलेले राहते आणि पेट्रोल अधिक पिते.

पाणी भरताना नळाचे घेतले नाही. त्यातल्या क्षारांची पुटे नळ्यांत चढतात. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी. टोपण उघडे ठेवून गार इंजिन सुरू केले, हीटर लावला आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडथोडे भरीत गेलो, कारण आत अडकलेली हवा पुन्हा तोच ताप आणते.

दुसऱ्या रविवारी आई साताऱ्याला जाऊन आली. जुना थर्मोस्टॅट भाच्याने मागून घेतला आहे. चहाचे पातेले मात्र आईने कायमचे स्वयंपाकघराबाहेर काढले.