जुन्या डिझेल मोटारीचें आरोग्य

घरांत जुनी मोटार असली म्हणजे ती ठेवावी कीं काढावी हा वाद केव्हां ना केव्हां उपस्थित झाल्यावांचून राहत नाहीं. वडीलधाऱ्यांना तिचा लळा लागलेला असतो, मुलांना ती चारचौघांत नेण्याची लाज वाटूं लागते, आणि दुरुस्तीचे पैसे ज्याच्या खिशांतून जातात तो गृहस्थ दोन्ही पक्षांकडे संशयानें पाहतो. मोटारीस खरोखर काय झालें आहे हें मात्र क्वचितच कोणी विचारतें. तें कसें विचारावें, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल आम्ही मारुतीची डिझायर घेतों. ही गाडी २००८ सालीं निघाली. तिचें १२४८ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन मूळचें इटलींतील फियाटचें; तें परवाना घेऊन हरियाणांत मानेसर येथें बनूं लागलें. त्याच जातीचीं इंजिनें आपल्या पुण्याजवळ रांजणगांव येथेंही तयार होत, आणि फियाटची लिनिया व टाटांची मांझा यांतही तींच बसविलेलीं असत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले व मारुतीनें डिझेल गाड्या बंद केल्या. तेव्हां या जातीची नवी गाडी आतां मिळावयाची नाहीं; आहेत त्याच सांभाळावयाच्या आहेत.

पेट्रोलच्या इंजिनांत इंधन ठिणगीनें पेटतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांतील हवा पंधरा-अठरा पट दाबली जाते, दाबानें ती पांचशे अंशांहून अधिक तापते, आणि तींत इंधनाचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. एवढा दाब सोसण्यासाठीं इंजिनाचा सांगाडा भक्कम घडवावा लागतो. म्हणून सांभाळलेलें डिझेल इंजिन सहसा लवकर मरत नाहीं. थकतो तो त्याचा परिवार. त्याला इंधन, हवा व वंगण पुरविणारे भाग आधीं झिजतात आणि बोल मात्र इंजिनास लागतो.

पहिली तक्रार बहुधा पहांटेची. थंडींत गाडी लवकर चालू होत नाहीं, झाल्यास पांढरा धूर सोडते. अशा वेळीं आधीं बॅटरी आणि मग ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडर तापविणाऱ्या चार कांड्या, तपासावयास सांगावें. एक कांडी पांचशे ते दीड हजारांत मिळते. एवढ्यासाठीं इंजिन उघडण्याचा सल्ला कोणी दिल्यास दुसऱ्या मिस्त्रीचें मत घ्यावें हें बरें.

दुसरी तक्रार इंधनाची. डिझेलमध्यें पाण्याचा अंश असतो. तो अडवून धरण्याचें काम फिल्टरचें. फिल्टरचा खर्च हजार-दोन हजारांचा, म्हणून तो वेळेवर बदलण्याचा आळस होतो. पण तेंच पाणी व बारीक कचरा पुढें इंजेक्टरांत जातो. या इंजिनांत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असल्यामुळें इंजेक्टरांचीं छिद्रें अतिशय सूक्ष्म असतात, आणि नवा इंजेक्टर दहा हजारांच्या पुढें जातो. असे चार. दोन हजार वांचविण्याच्या भरांत चाळीस हजार घालविणें तें हेंच.

तिसरी तक्रार हवेची. चढावर गाडी ओढीनाशी झाली व काळा धूर टाकूं लागली, तर एअर फिल्टर, रबरी नळ्या व काजळीनें भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह पाहावा. नळी फाटलेली असतांना टर्बोच बदलला गेल्याचीं उदाहरणें गॅरेजांतून विरळा नाहींत. टर्बो खरोखर गेलाच तर दुरुस्तीस दहा-वीस हजार, नवा घेतल्यास त्याहून पुष्कळ अधिक. धूर निळा असेल तर मात्र विलंब करूं नये. टर्बोंतून गळणारें तेल इंजिनांत शिरूं लागलें, तर क्वचित् प्रसंगीं किल्ली काढूनही तें थांबत नाहीं. स्वतःचेंच वंगण जाळीत धांवत सुटतें.

चौथी गोष्ट वंगणाची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. या इंजिनांत तेल अवघें तीन लिटरांच्या आसपास मावतें. त्यांतील थोडें जरी कमी झालें तरी फरक पडतो. आंतील टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही याच तेलाच्या दाबावर चालतो. सकाळीं चालू करतांना खडखड ऐकूं आली तर चेन सैल झाली असें समजावें. ती बदलावयास बारा ते वीस हजार लागतील. न बदलतां तिचा एक दांता जरी सुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग इंजिनाचाच प्रश्न उभा राहतो. तेल बदलण्याचा खर्च मात्र तीन-चार हजार.

वरील आंकडे स्वतंत्र कारागिराकडील स्थूल अजमास होत. गांवाप्रमाणें व सुट्या भागांप्रमाणें ते बदलतात.

आतां मूळ प्रश्न: ठेवावी कीं काढावी? त्यासाठीं दुरुस्त्यांचा क्रम लावून पाहावा. ब्रेक, टायर व सुकाणूचे सांधे हे पहिले. तेथें कुटुंबाच्या जिवाचा प्रश्न आहे व तेथें काटकसर नाहीं. तेल व कूलंट यांची गळती दुसरी, कारण ती आज लहान असते व उद्यां मोठी होते. ओढ, क्लच हीं तिसरीं; क्लचचा खर्च दहा-पंधरा हजारांचा, पण तो एकदां केला म्हणजे वर्षानुवर्षें पुरतो. खडखडणारे बुश, मंदावलेला एसी, फिकटलेला रंग हीं शेवटचीं. पहिल्या दोन वर्गांचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, किंवा कोंकणाच्या दमट हवेनें सांगाड्याचा पत्राच खालून कुजला असला, तर मोह सोडावा. इंजिन दुरुस्त होतें. कुजलेला सांगाडा पूर्वीसारखा होणें कठीण.

सरकारी मुदतीचाही विचार करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. २००८ सालीं घेतलेल्या गाड्यांची पहिली मुदत २०२३ सालींच संपली. तेव्हां मोठा खर्च तपासणीच्या आधीं करावा कीं नंतर, हें घरांत बसून ठरवावें.

शेवटीं एक सूचना. घरांत वाणसामानाच्या हिशेबाची वही असते, तशी एक लहानशी वही गाडींत ठेवावी. तेल केव्हां बदललें, फिल्टर केव्हां बदलला, किती किलोमीटर झाले, कोणास किती रुपये दिले, हें तींत त्याच दिवशीं लिहावें, मग गाडी घरांतील कोणीही चालवो. चार माणसांनीं चालविलेल्या गाडीचें तेल बदलण्याची आठवण चौघांपैकीं कोणासच राहत नाहीं, हा एकत्र कुटुंबांतील नित्याचा अनुभव आहे. वही असली म्हणजे मिस्त्रीशीं बोलतांना हातीं पुरावा राहतो, आणि ठेवावी कीं काढावी या वादांतही लळा व लाज बाजूस राहून आंकडे बोलूं लागतात.