नोंदपत्रकाची रचना व आशयाची रचना

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातील संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध यांचा संगणकास वाचता येईल असा काटेकोर आराखडा होय. आराखडा आखणारे थोडे आणि त्यानुसार नोंदी भरणारे पुष्कळ, अशी कामाची वाटणी बहुधा असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे नोंदपत्रक.

स्टॅनफर्ड विद्यापीठात कर्करोगावरील औषधोपचारासंबंधी सल्ला देणाऱ्या ‘ऑन्कोसिन’ प्रणालीसाठी ‘ओपल’ हे साधन तयार झाले. त्यातील पत्रके वैद्यकतज्ज्ञांना स्वतः भरता येत. परंतु ती त्या एकाच विषयापुरती बांधलेली होती. विषयाचा आराखडा दिला असता अशी पत्रके आपोआप निर्माण व्हावीत, या विचारातून मार्क म्यूझेन यांनी १९८७ मध्ये ‘प्रोटेजे’ रचले.

पुढील ‘प्रोटेजे-२०००’मध्ये प्रत्येक वर्गासाठी एक पत्रक आपोआप तयार होई. गुणधर्म मजकुराचा असल्यास मोकळा रकाना, ठराविक पर्यायांचा असल्यास निवडयादी, होय-नाही स्वरूपाचा असल्यास खुणेची चौकट. रकाने हलविणे, लहानमोठे करणे, त्यांची नावे बदलणे किंवा ते लपविणे, ही मुभा वापरणाऱ्यास होती. मात्र या फेरफारांनी केवळ पत्रकाचे रूप बदले. मूळ आराखडा तसाच राही.

नेमका येथेच घोटाळा संभवतो. समजा, मराठी शब्दसंग्रहाच्या आराखड्यात ‘नाम’ या वर्गाचा ‘लिंग’ हा गुणधर्म तीन पर्यायांचा, पण एकच मूल्य घेणारा ठरविला आहे. ‘पुष्कळ वेळ गेला’ येथे ‘वेळ’ पुल्लिंगी, तर ‘जेवणाची वेळ झाली’ येथे स्त्रीलिंगी आहे. निवडयादी एकच लिंग स्वीकारते; म्हणून नोंद करणारा दुसरे ‘टीप’ या रकान्यात लिहितो. पुढे स्त्रीलिंगी नामे शोधणाऱ्या अभ्यासकास ‘वेळ’ सापडत नाही, आणि काही हरवले आहे याची शंकाही त्यास येत नाही. येथे रकाना मोठा करून भागत नाही. गुणधर्मास अनेक मूल्ये घेण्याची मुभा आराखड्यातच द्यावी लागते. उलटपक्षी, रकाना लपविल्याने गुणधर्म नाहीसा होत नाही. तो केवळ रिकामा राहतो.

चौथ्या आवृत्तीपासून प्रोटेजे ओडब्ल्यूएल या भाषेवर उभारले गेले व जुनी पत्रके मागे पडली. ‘वेबप्रोटेजे’त ती नव्या रूपाने आली. तथापि हा भेद कायम आहे. म्हणून पत्रक बदलण्यापूर्वी अडचण सोयीची आहे की अर्थाची, हे प्रथम ठरविणे अगत्याचे होय.