टिचबटणाचा शर्ट आणि इरलं

पावसाळ्यात जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की धुक्यातून आधी गुरं दिसतात आणि मग त्यांच्यामागचा गुराखी. हातात काठी, डोक्यावरून पाठीवर सोडलेलं मेणकापड. या मेणकापडाच्या जागी पूर्वी इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पानं बसवून केलेलं, उपड्या होडीसारखं. ते डोक्यावर टेकतं, पाठ कोरडी ठेवतं आणि दोन्ही हात मोकळे सोडतं. भाताच्या लावणीत वाकलेल्या बाईला त्याचा जेवढा उपयोग, तेवढाच गुरांमागे उभ्या माणसाला.

अमेरिकेतला काउबॉय म्हणजे तरी गुराखीच. त्याच्याही पोशाखातली प्रत्येक वस्तू अशाच एखाद्या गरजेतून आली. जॉन स्टेटसननं १८६५च्या सुमारास रुंद काठाची टोपी बाजारात आणली, ती ऊन आणि पाऊस अडवायला. १८७३मध्ये जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं आणि लेव्ही स्ट्रॉसनं पँटच्या खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं, कारण मजुरांचे खिसे सारखे फाटत. धुळीपासून नाक झाकायला गळ्यात बांधायचा रुमाल म्हणजे ‘बंडाना’. हा शब्द आपल्या बांधणीच्या कुळातला. मजुरी पोशाखाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द तर मुंबईच्या डोंगरीतून गेला. तिथं विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचं ते नाव होतं.

गंमत अशी, की हा पोशाख गाजला तो काम संपल्यावर. गुरांचे प्रचंड कळप शेकडो मैल हाकत नेण्याचा काळ जेमतेम वीसेक वर्षांचा. काटेरी तारांची कुंपणं आणि रेल्वे आली, तसा तो आटोपला. १८८३मध्ये बफेलो बिलनं काउबॉयचा खेळ लोकांपुढे आणला, नंतर सिनेमानं तो पडद्यावर नेला. जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स हे गाणारे काउबॉय लोकप्रिय झाले तेव्हा त्यांच्या शर्टांवर गुलाब, घोड्याचे नाल आणि झालरी आल्या. हे कपडे शिवणारे नुडी कोन आणि रोडिओ बेन हे पूर्व युरोपातून आलेले ज्यू शिंपी. नुडीनं १९५७मध्ये एल्विस प्रेस्लीसाठी केलेला सोनेरी सूट दहा हजार डॉलरचा म्हणून गाजला. १९४० आणि ५०ची दशकं हा या फॅशनचा ऐन बहर.

या सगळ्या झगमगाटात खरं डोकं लावलं गेलं ते एका बटणावर. ज्याला आपण टिचबटण म्हणतो, त्यावर.

जॅक वाइल यांनी १९४६मध्ये डेन्व्हर शहरात ‘रॉकमाउंट रँच वेअर’ ही कंपनी काढली आणि शर्टांना नेहमीच्या बटणांऐवजी टिचबटणं लावली. आपल्याकडे ब्लाऊजला किंवा झबल्याला लावतात ते टिचबटण सुई-दोऱ्यानं शिवलेलं असतं. या शर्टावरचं बटण मात्र कापडात ठोकलेलं. एका कड्याचे बारीक दात कापडातून आरपार जातात आणि पलीकडच्या भागात वळून घट्ट बसतात. एका पट्टीवर बोंड, दुसऱ्या पट्टीवर खाच. या खाचेची पकड हीच सगळी मेख. पकड सैल पडली तर घोडा दौडताना शर्ट उघडा पडेल. फार घट्ट झाली तर बाही झुडपात किंवा खोगिराच्या खुंटीत अडकली की बटण सुटणार नाही, कापड फाटेल, नाहीतर माणूस ओढला जाईल. कपडा फाटण्याआधी सुटलं पाहिजे, पण त्याच्या एक क्षणही आधी नाही, असं ते बटण हवं. शिवाय ते सहसा तुटून हरवत नाही, आणि माळावर बटण लावून द्यायला होतं तरी कोण?

वाइल यांनी वयाची शंभरी ओलांडल्यावरही कचेरीत येणं सोडलं नाही. २००८मध्ये, १०७व्या वर्षी ते वारले. ‘ब्रोकबॅक माउंटन’ या चित्रपटात रॉकमाउंटचे शर्ट वापरले होते. त्यातल्या नायकांचे दोन शर्ट २००६च्या लिलावात एक लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले.

आपल्याकडे ही काउबॉयची हवा सिनेमातूनच आली. १९७१च्या तेलुगू ‘मोसगाल्लकु मोसगाडु’मध्ये कृष्णा काउबॉय झाला. हिंदीत ‘खोटे सिक्के’ (१९७४) आणि ‘काला सोना’ (१९७५) यांतून फिरोज खाननं टोपी आणि बूट मिरवले. १९७५च्याच ‘शोले’त जय-वीरूच्या अंगावर डेनिम होतं. पोरांना जीन्स हवी झाली, आणि ती स्वस्तात पुरवण्यात उल्हासनगरच्या कारखान्यांनी नाव कमावलं.

तिथूनच अडचणीही दिसू लागतात. जीन्स फिकी आणि जुनाट दिसावी म्हणून ती रंग-रसायनांत धुतात, आणि ते पाणी वालधुनी नदीत उतरलं. तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या आणि धुलाईच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. नवी पँट जुनी दिसावी म्हणून खर्ची पडली ती जुनी नदी.

अमेरिकेतही अस्सल जुनं मिळणं अवघड होत चाललं आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या व्हाइट ओक गिरणीत जुन्या मागांवर पक्क्या किनारीचं डेनिम निघे. ती गिरणी २०१७च्या अखेरीस बंद पडली. लेव्ही स्ट्रॉसच्या ‘लेव्हायस’ कंपनीनं अमेरिकेतले आपले शेवटचे कारखाने त्याआधीच मिटवले होते. जुन्या शर्टाचं एक टिचबटण बिघडलं तरी पंचाईत होते. ते उपटताना कापडाचं भोक मोठं होतं आणि नवं बटण त्यात धरत नाही. तरी तिथं लेबल, शिलाई आणि बटणांच्या पाठी तपासणारे शौकीन आहेत, आणि त्यांच्यामुळे जुन्या मालाला भाव आहे.

इरल्याला असा शौकीन भेटला नाही. ते करायला कामट्या काढाव्या लागतात, पानं गोळा करावी लागतात, बसून विणावं लागतं. मेणकापड बाजारात तयार मिळतं, घडी होऊन पिशवीत मावतं. गुराखी ते घेतो, यात त्याची चूक काहीच नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला जव्हार-मोखाड्याकडचे गुराखी वाघदेवाला पुजतात, त्याच दिवशी कुणाच्या पोराच्या अंगात जीन्स असली तर तिचा रिव्हेटही गुराख्याच्याच कामाला शोभणारा आहे.

येत्या पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहायला जव्हारला जाणार असाल, तर बाजारात इरलं मिळतं का ते विचारा. मिळालं, तर घासाघीस न करता घ्या.