भाकरी थापता येईल अशी पेटी

गाडीच्या मागच्या दारात उघडणारं स्वयंपाकघर बांधायचं ठरवलं, की बहुतेक जण शेगडी कुठे ठेवायची इथून सुरुवात करतात. नांदेड-लातूरकडच्या माणसानं परातीपासून सुरुवात करावी. शेगडीवरचं पातेलं गुमान बसून राहतं. भाकरी मात्र थापावी लागते. ज्या फळीवर पाश्चात्त्य प्रवासी अंडी तळतो आणि पाव भाजतो, त्या फळीवर आपण तळहाताचा मार देणार आहोत.

तो मार किती मोठा होतो ते पाहण्यासारखं आहे. स्वयंपाकघराच्या या पेटीचं झाकण खाली पाडून त्याचा ओटा केला, त्याला पाय किंवा साखळी दिली नाही आणि बिजागरीपासून चाळीस सेंटिमीटरवर हातानं फक्त पाच किलोचा जोर दिला असं धरा. झाकण पेटीच्या ज्या कडेवर टेकतं तिच्यापासून बिजागरीचे स्क्रू दोन सेंटिमीटरवर असतील, तर त्यांना उपटणारा जोर वीसपट, म्हणजे शंभर किलो होतो. स्वयंपाक करणाऱ्याला वाटतं आपण पीठ थापतोय, आणि तिकडे स्क्रू एक माणूस तोलून धरत असतात! म्हणून झाकणाच्या बाहेरच्या कडेला एक घडीचा पाय हवाच. माझ्या मते त्याहून चांगला मार्ग म्हणजे ओट्याची फळी पूर्ण निघणारी करावी. ती जमिनीवर ठेवली, मांडी घालून बसलं, की परात हलत नाही आणि भाकरी पूर्वापार थापली जाते तशीच थापता येते.

झाकणाचा ओटा करण्याची कल्पना नवी नाही. १८६६ साली टेक्सासात चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकानं गुरांचे कळप शेकडो मैल हाकत न्यायचे म्हणून लष्करातून निघालेली एक स्टुडबेकर घोडागाडी घेतली आणि तिच्या पाठीमागे खणाखणांची लाकडी पेटी बसवली. पीठ, कॉफी, मीठ, औषधं, प्रत्येकाला आपला खण. पेटीचं दार खाली पाडलं, त्याखाली एक पाय टेकवला, की ओटा तयार. आज हजारो रुपये देऊन जी पेटी विकत मिळते, तिची रचना दीडशे वर्षांनंतरही तीच आहे.

आणि आपल्याकडे? किनवट, माहूर, मुखेड, जळकोट या तालुक्यांत आज जे बंजारा तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांनी बैलाच्या पाठीवर काढता-घालता येणारं कोठार शतकानुशतकं चालवलं. गोणी म्हणजे पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना पोट असलेली थैली. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेल्या तॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. धान्य आणि मीठ वाहणारा एवढा पसारा उभा होता तो एका साध्या अटीवर: डावीकडे जितकं, उजवीकडे तितकंच. मुक्काम आला की गोणी खाली, बैल मोकळा. पेटी काढता यायला हवी हा आग्रह मुळात तिथला आहे. गाडी उरलेले दिवस शेतावर, बाजारात, शाळेत जाणारच असते.

आता रस्ता. मला या विषयातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, की चालत्या गाडीत कुठल्याच वस्तूचं वजन स्थिर राहत नाही. साठ किलोची भरलेली पेटी घ्या. चाक खड्ड्यात पडलं की गाडीची मागची बाजू खाली जाते आणि पेटी तिच्या मागोमाग पडू लागते. त्या निमिषात ती जवळजवळ वजनहीन असते, नुसती फळीवर टेकलेली. पुढच्याच निमिषाला स्प्रिंग उसळी घेतात आणि तीच पेटी सव्वाशे किलोची होते. करकचून ब्रेक मारला तर अठ्ठेचाळीस किलोंच्या जोरानं ती पुढे सरकू पाहते. आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगातली गाडी झाडावर आदळून साठ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर पेटी पुढच्या माणसांकडे जवळजवळ एक टनाच्या जोरानं झेपावते. एक टन! म्हणून पेटी सीटला किंवा प्लास्टिकच्या कडीला बांधू नये. गाडीच्या लोखंडी अंगाला घट्ट बसवलेले आय-बोल्ट आणि चारी कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट, एवढं तरी हवंच. काढायला दोन मिनिटं लागतात आणि जीव वाचतो.

दुसरं आश्चर्य तरफेचं आहे. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६८० मिलिमीटर. साठ किलोची पेटी मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे ठेवली, तर मागच्या चाकांवर साठ नव्हे, एकाहत्तर किलोंचा भार येतो. जास्तीचे अकरा किलो येतात कुठून? पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पेटीनं पुढची चाकं हलकी केली. डांबरी रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पण पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या वाटेला लागा. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे स्टिअरिंग वळवलं तरी हलकी चाकं वळायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे सगळ्यात जड वस्तू, म्हणजे पाणी, खाली आणि सीटच्या पाठीला टेकून. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. दाराजवळच्या खणात हलकं सामान: मिसळणाचा डबा, चहा-साखर, ताटल्या. पाणी एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला पीठ आणि लोखंडी तवा. गोणीचाच नियम.

पेटीच्या लाकडाबद्दल सुतार अठरा एमएमची प्लाय सुचवील, कारण तो घरातली कपाटं करतो. आठ बाय चारचा तसा ताव तीस किलोंच्या पुढे जातो. बारा एमएमचा वीस-बावीस किलोंत बसतो. जाडी दीडपट केली की फळीचा ताठपणा जवळजवळ साडेतीनपट होतो, कारण तो जाडीच्या घनानं वाढतो. पण हाच ताठपणा दुसऱ्या वाटेनं फुकट मिळतो: पातळ फळीखाली मधोमध एक उभी पट्टी लावा, अंतर अर्धं झालं की तीच फळी ताठ. म्हणजे खणांचे पडदे सामान वेगळं ठेवतात आणि पेटीचा कणाही होतात. प्लाय मात्र पाण्यात टिकणारी, आयएस ७१० शिक्क्याची घ्यावी.

नटबोल्टचं गुपित १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं उलगडलं. त्यानं दाखवून दिलं, की बोल्ट ढिला होतो तो त्याच्या अक्षाला आडव्या हादऱ्यांनी. जोडलेले दोन भाग एकमेकांवर बाजूला सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि नट स्वतःच फिरत उलटा निघू लागतो. उपाय हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट. खणांना टेलिस्कोपिक चॅनेल लावा, पण भरवसा कडीवर ठेवा. चढावर उघडलेला एक खण अख्खा मुक्काम बिघडवतो.

गॅसबाबत मी कुठलीच सवलत देणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता गाडीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडरच्या खणाला तळाशीच भोकं हवीत, आणि ती गाडीच्या आत नव्हे, बाहेर उघडणारी हवीत. ते जमत नसेल तर सिलिंडर पेटीत ठेवूच नका. छोट्या ब्युटेनच्या डब्यांवर पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. नांदेडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा आतला पारा त्याच्या सहज पुढे जातो. मुक्कामी पोचलात की गॅस आधी सावलीत उतरवा. आणि पाऊस असो की वारा, गाडीच्या आत चूल पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं, म्हणून सीट कायमची उखडून केलेल्या ओट्यापेक्षा काढता येणारी पेटी इथेही बरी.

सामानाचा क्रम मात्र शिकावा तो ऊसतोडीला जाणाऱ्या घरांकडून. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोटकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात. त्यांत कित्येक महिन्यांचं धान्य, भांडी, अंथरूण, लेकरं, सगळं असतं. त्यांच्यासाठी ही हौस नाही, पोटाची वाट आहे. उतरल्यावर कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी करायला आणि चूल पेटवायला जे आधी लागतं ते चढवताना शेवटी चढतं. हे ज्ञान कुठल्याही महागड्या पेटीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. खायचं काय न्यावं हेही मराठवाड्यानं ठरवून ठेवलंय: भाजलेल्या धान्याचं, मसाल्याचं येसर, ज्याला आमटी व्हायला उकळतं पाणी पुरतं, आणि प्रवासात टिकणारे धपाटे. पेटी त्यामुळेही हलकी राहते.

पेटी भरली, बांधली, की सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे किंवा खरोशाच्या लेण्यांकडे निघण्याआधी एक काम करा. सोयाबीन आणि उसाच्या या मुलखात वजनकाट्यांना तोटा नाही. माणसांसकट गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. पेटीशिवाय पुन्हा एकदा. पुढचा आकडा पेटीमुळे कमी झाला असेल, तर पाण्याचा जार आणखी पुढे सरकवा आणि मगच काळ्या मातीत उतरा.