गर्भवतीचा मानसिक ताण आणि बाळाची वाढ

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्यांत नऊ गर्भवती होत्या. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांसह डॉक्टरांचे पथक तेथे पाठविले गेले. अशा वेळी आईच्या जिवाची काळजी सर्वच घेतात. परंतु तिच्या मनावरील ताणाचा पोटातील बाळाशी काय संबंध आहे, हेही समजून घेणे जरूरीचे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील शेतकरी कुटुंबांत तर पूर आणि भातलावणीची धांदल एकाच हंगामात येते.

ताण बाळापर्यंत कसा पोचतो?

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. वारेतील एक विकर त्याचा बराचसा भाग निष्प्रभ करून बाळाचे रक्षण करते. त्यामुळे रोजच्या किरकोळ काळजीने भिण्याचे कारण नाही. मात्र ताण तीव्र असेल किंवा महिनोन्‌महिने टिकला, तर हे संरक्षण अपुरे पडू शकते. शिवाय आईची झोप व भूक कमी होते. दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचा व बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली. काही ठिकाणी ती महिन्याहून अधिक काळ आली नाही. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा शास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. ज्या मातांना जास्त हाल सोसावे लागले, त्यांची मुले भाषा व आकलनात सरासरीने थोडी मागे आढळली. ही सरासरी आहे; प्रत्येक बाळाचे असे होतेच असे नाही. म्हणून मुलात काही उणीव दिसल्यास आईला बोल लावू नये.

घरच्यांनी काय करावे?

१) लावणीच्या दिवसांत गर्भवतीला सतत वाकून करावयाची व ओझ्याची कामे देऊ नयेत. पुराच्या पाण्यात उतरू देऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

२) तिला पोटभर जेवण, रात्रीची पुरेशी झोप व दुपारी विश्रांती मिळावी. लोहाच्या गोळ्या नियमित द्याव्यात.

३) कर्ज, पिकाचे नुकसान किंवा मुलगा-मुलगी यावरून तिला टोचून बोलू नये. पती व सासूबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे.

४) दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणारी मोफत तपासणी चुकवू नये.

५) पावसाळ्यापूर्वीच प्रसूतीचे ठिकाण, वाहन व कागदपत्रे ठरवून ठेवावीत. प्रसूतीची तारीख जवळ असल्यास नदीकाठच्या घरातून आधीच सुरक्षित जागी न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू येणे, झोप न लागणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास आशाताई वा डॉक्टरांना सांगावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखविल्यास तिला एकटे न सोडता ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

जन्मानंतरही पुष्कळ भरून काढता येते. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, मायेचा स्पर्श, बाळाशी बोलणे, अंगाईगीत आणि खेळ यांनी मेंदूची वाढ चांगली होते. भाताचे रोप जोमदार हवे म्हणून आपण रोपवाटिकेची जपणूक करतो. तशीच जपणूक घरातील गर्भवतीची करावी.