व्हर्नन कौंटी : आधी चढ पाहा, मग घर

अमेरिकेचा मिडवेस्ट म्हटलं की क्षितिजापर्यंत पसरलेली मक्याची सपाट शेतं डोळ्यांसमोर येतात. विस्कॉन्सिनच्या नैऋत्येची व्हर्नन कौंटी तशी नाही. हिमयुगातल्या हिमनद्या या पट्ट्याला वळसा घालून गेल्या. म्हणून इथे वर पठारं, मध्ये अरुंद दऱ्या आणि जागोजागी झरे. वस्ती जेमतेम 30 हजार. जमिनीचा तुकडा घ्यावा, गाई-कोंबड्या पाळाव्यात, आठवडाभर वीज-रस्ते बंद पडले तरी चूल पेटती राहावी, या हिशेबाने 1970 च्या दशकापासून शहरी माणसं इथे येत आली आहेत.

मोह पडतो तो दरीतल्या जमिनीचा. सुपीक माती, कडेने ओढा, जुनं लाकडी कोठार. धोका नेमका तिथेच. इथल्या किकापू नदीला 2007, 2008 आणि 2018 मध्ये मोठे पूर आले. 2018 च्या ऑगस्टमध्ये तर पूर अडवायला बांधलेले जर्सी व्हॅली आणि म्लस्ना हे बांधच फुटले. याच नदीवरच्या ला फार्ज गावाजवळच्या धरणाची गोष्ट आणखी विचित्र. 1971 मध्ये काम सुरू झालं, 1975 मध्ये थांबलं ते कायमचं. तोवर सुमारे 140 कुटुंबं उठवून झाली होती. पाणी सोडण्यासाठी उभारलेला काँक्रीटचा मनोरा आजही कोरडा उभा आहे. बांधाच्या भरवशावर ओढ्याकाठी घर घेणाऱ्याने तो आधी पाहून यावा.

मग पठारावर जावं का? माझं मत, जावं. पण तिथलं पाणी खोल असतं. बोअरचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की पाणीही जातं. जनरेटर हवाच. शिवाय खालचा चुनखडक भेगाळ, शेतातलं खत त्यातून भूजलात उतरतं. सौद्याआधी पाण्यातलं नायट्रेट तपासून घ्यावं. भाजीपाल्याला मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच वेळ मिळतो. पुढे सरपण आणि तळघरातल्या बरण्या.

या कौंटीचं खरं बळ मात्र सहकारात आहे. वीज आणि फोन पुरवणाऱ्या संस्था सहकारी, व्हिरोक्वा गावातलं किराणा दुकान सहकारी. ‘ऑरगॅनिक व्हॅली’ ही सेंद्रिय दुधाची मोठी संस्थाही 1988 मध्ये इथल्याच शेतकऱ्यांनी काढली. साधेपणाने जगणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं तर ग्रिडच्या विजेशिवायच राहतात. त्याला ते ‘आपत्कालीन तयारी’ वगैरे म्हणत नाहीत. व्हिरोक्वाला दवाखाना आहे, मोठ्या इलाजाला मात्र ला क्रॉस शहर गाठावं लागतं आणि हिवाळ्यात घाटातला रस्ता नेहमी मोकळा मिळेलच असं नाही.

जमीन बघायला ऑक्टोबरात जाऊ नये. तेव्हा रंगीत पानांत सगळंच देखणं दिसतं. मार्चमध्ये जावं: बर्फ वितळत असतं, पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं आणि कच्च्या वाटेवर गाडी कुठे रुतते, ते एका दुपारी कळतं.